एक देश, एक्कावन्न घटना



मागं एकदा शिक्षकांच्या एका शिबिरात नागरिकशास्त्रावर बोलायला मी गेलो होतो. माझं बोलणं संपलं, आभार झाले, आणि मंडळी चहाला उठणार एवढ्यात मागच्या रांगेतले एक गुरुजी उभे राहिले. पन्नाशी उलटलेले, आवाज शांत. म्हणाले, "सर, घटनेत शिक्षणाचा हक्क लिहिलेला आहे हे आम्ही मुलांना शिकवतो. पण आमच्या वस्तीशाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यात गळतात. तालुक्याच्या गावी शाळेला पंखे आहेत, वाचनालय आहे. मग घटनेतल्या त्या शब्दाचा अर्थ शाळेगणिक बदलतो काय?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी परतताना एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं, की हाच प्रश्न अमेरिकेतल्या गरीब आईबापांनी न्यायालयांना विचारला होता, आणि एकाच शब्दाची तीन-चार निराळी उत्तरं त्यांना मिळाली होती. ती हकिकत आज आपल्याला सांगायची आहे. तीत एका देशाच्या राज्यकारभाराची सगळी रचना उलगडते, आणि शेवटी आपल्या गुरुजींच्या प्रश्नाजवळही आपण येऊन पोचतो.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. मराठीत आपण 'राज्यघटना' म्हणतो तेव्हा साऱ्या भारताची घटना आपल्या मनात असते. महाराष्ट्र राज्याची म्हणून वेगळी घटना नाही, गुजरातची नाही, केरळची नाही. जम्मू-काश्मीरला १९५७ पासून २०१९ पर्यंत स्वतःची घटना होती, तेवढाच अपवाद. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र पन्नास राज्यं आहेत आणि त्या प्रत्येकाला स्वतःची लिखित घटना आहे. शिवाय सगळ्यांवर मिळून केंद्राची एक. म्हणजे एका देशात एक्कावन्न घटना झाल्या!

हे कसं झालं? आपल्याकडं आधी देश एकसंध उभा राहिला आणि मग त्यानं आपल्या राज्यांच्या सीमा आखल्या. तिकडं उलटा क्रम. आधी राज्यं होती, मग त्यांनी एकत्र येऊन केंद्र उभं केलं. मॅसॅच्युसेट्स राज्याची घटना १७८० सालची आहे. तिचा मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्स यांनी लिहिला. हेच ॲडम्स पुढं देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. केंद्राची घटना लिहिली गेली १७८७ साली. म्हणजे लेक आईच्या आधी जन्माला आली असं म्हणायची पाळी! मॅसॅच्युसेट्सची ती घटना, पुष्कळ दुरुस्त्यांसह का होईना, आजही अमलात आहे.

आणि तिच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक मोठी गोष्ट घडली. या घटनेच्या पहिल्या कलमात, सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, अशा अर्थाचं वाक्य आहे. त्या राज्यात तेव्हा गुलामगिरी होती. 'बेट' नावाची एक निरक्षर गुलाम बाई होती. तिनं हे शब्द कानांनी ऐकले आणि एका वकिलाकडं जाऊन विचारलं, की हा कायदा मला लागू पडतो की नाही? १७८१ साली ग्रेट बॅरिंग्टन या गावच्या न्यायालयात पंचांनी तिच्या बाजूनं कौल दिला. तिनं आपलं नाव बदलून एलिझाबेथ फ्रीमन, म्हणजे मुक्त माणूस, असं घेतलं. पुढं १७८३ साली क्वॉक वॉकर नावाच्या दुसऱ्या एका गुलामाच्या खटल्यात राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी पंचांना स्पष्ट सांगितलं, की आपल्या घटनेतल्या या शब्दांपुढं गुलामगिरी टिकत नाही. १७९० सालच्या पहिल्या खानेसुमारीत त्या राज्यात एकाही गुलामाची नोंद झाली नाही. साऱ्या देशातून गुलामगिरी जायला मात्र १८६५ साल उजाडावं लागलं. एका राज्यानं आपल्या घटनेतला एक शब्द मनापासून वाचला, आणि देशाच्या ऐंशी वर्षं आधी तिथली माणसं मोकळी झाली.

श्रोतेहो, आता या दोन घटनांचं आपसातलं नातं कसं असतं ते पाहू. केंद्राची घटना म्हणजे घराचं जोतं समजा. जोत्याच्या खाली उतरायची कोणालाही मुभा नाही. नागरिकाला केंद्राच्या घटनेनं जेवढं संरक्षण दिलं आहे त्याहून कमी कोणतंही राज्य देऊ शकत नाही. पण त्या जोत्यावर भिंत किती उंच न्यायची, माडी चढवायची की नाही, हे ज्या त्या राज्यानं आपल्या घटनेनं ठरवायचं. आणि ती भिंत किती उंच आहे हे सांगण्याचा शेवटचा अधिकार त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा.

'राज्याचं सर्वोच्च न्यायालय' हेही आपल्या कानाला वेगळं लागतं. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालय एकच, दिल्लीचं. मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल पटला नाही तर दिल्लीला जायची वाट असते. तिकडं राज्याच्या घटनेचा अर्थ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकदा सांगितला की तो अखेरचा. वॉशिंग्टनला बसणाऱ्या केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयालाही तो बदलता येत नाही. राज्यातल्या कायद्याचा अर्थ राज्याच्याच न्यायालयानं सांगावा, आपण त्यात पडू नये, हे धोरण केंद्राच्या न्यायालयानं १८७५ साली मेम्फिस शहराच्या एका जमिनीच्या दाव्यात पक्कं केलं. मात्र १९८३ साली मिशिगन राज्याच्या एका प्रकरणात त्यानं एक अट घातली. आम्ही हा निकाल आमच्या राज्याच्या घटनेच्या आधारावर देत आहोत, असं राज्याच्या न्यायालयानं आपल्या निकालपत्रात उघड लिहिलं पाहिजे. मोघम लिहिलं, दोन्ही घटनांची सरमिसळ केली, तर आम्ही त्यात लक्ष घालू. थोडक्यात काय, बांध कुठं आहे ते नीट दाखवा, मग आम्ही ओलांडणार नाही.

हे सगळं झालं तत्त्व. आता प्रत्यक्ष हकिकत. ती आहे टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ या शहराची.

अमेरिकेत शाळा चालवतात त्या स्थानिक संस्था. प्रत्येक संस्थेची हद्द ठरलेली असते, तिला आपण शाळा-जिल्हा म्हणू. राज्य सरकार काही मदत देतं, पण बराचसा पैसा येतो तो त्या हद्दीतल्या घरांवरच्या आणि जमिनींवरच्या करातून. आता विचार करा. जिथं बंगले आहेत, दुकानं आहेत, तिथं थोडा कर लावला तरी पेटी भरते. जिथं मजुरांची घरं आहेत तिथं कितीही कर लावा, पेटी रिकामीच.

सॅन अँटोनिओत एजवुड नावाचा एक शाळा-जिल्हा होता. तिथली बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी लोकांची. त्याच शहरात अलामो हाइट्स हा दुसरा जिल्हा, सुखवस्तू लोकांचा. १९६७-६८ सालचे आकडे न्यायालयाच्या कागदपत्रांत नमूद आहेत. एजवुडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर एक डॉलर पाच सेंट कर भरत होते आणि त्यातून दर मुलामागं सव्वीस डॉलर निघत होते. अलामो हाइट्सचे लोक कर भरत होते पंच्याऐंशी सेंट, आणि त्यांच्या हाती दर मुलामागं पडत होते तीनशे तेहतीस डॉलर. म्हणजे गरीब जास्त दरानं कर देत होता आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला बाराव्या हिश्शाहूनही कमी येत होतं. राज्याची आणि केंद्राची मदत मिळवूनसुद्धा एजवुडच्या मुलामागं खर्च पडत होता तीनशे छप्पन डॉलर, आणि अलामो हाइट्सच्या मुलामागं पाचशे चौऱ्याण्णव.

१९६८ च्या मे महिन्यात एजवुडच्या माध्यमिक शाळेतली मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. त्यानंतर पालक एकत्र जमले. त्यांच्यात डेमेट्रिओ रॉड्रिग्ज होते. विमानदलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा हा कारागीर. त्यांच्या नावानं दावा गुदरला गेला, तो केंद्राच्या घटनेच्या आधारावर. कायद्यापुढं सर्वांना सारखं संरक्षण मिळावं असं त्या घटनेत आहे. मग आमच्या मुलांना ते का नाही, हा त्यांचा सवाल.

२१ मार्च १९७३ रोजी केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. न्यायालय म्हणालं, शिक्षण महत्त्वाचं आहे यात शंका नाही, पण केंद्राच्या घटनेत शिक्षणाचा हक्क कुठंच लिहिलेला नाही. विरोधी मत देणाऱ्या चौघांत न्यायमूर्ती थर्गुड मार्शल होते. त्यांनी एका तळटिपेत लिहून ठेवलं, की या निकालामुळं राज्यांच्या घटनांच्या आधारे दाद मागण्याचा रस्ता बंद होत नाही.

दावा हरला, पण ती तळटीप वाया गेली नाही. बरोबर तेरा दिवसांनी, ३ एप्रिल १९७३ रोजी, देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तसल्याच एका दाव्यात पालकांच्या बाजूनं निकाल दिला. आधार कोणता? न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ साली एक दुरुस्ती झाली होती. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राज्यानं मोफत शाळांची 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' व्यवस्था ठेवावी, असं तीत म्हटलं होतं. शंभर वर्षं हे शब्द कागदावर झोपून होते. न्यायालयानं त्यांना जागं केलं. कर कोणीही गोळा करो, शाळेची जबाबदारी राज्याची, असा अर्थ न्यायालयानं काढला.

पुढं टेक्सासमध्येही एजवुडचे लोक पुन्हा न्यायालयात गेले, पण या वेळी राज्याच्या घटनेचा हात धरून. टेक्सासची घटना १८७६ सालची. तीत असं आहे, की लोकांचं स्वातंत्र्य टिकायचं तर ज्ञान सर्वत्र पसरलं पाहिजे, म्हणून मोफत शाळांची कार्यक्षम व्यवस्था करणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की सध्याची व्यवस्था या शब्दांत बसत नाही. सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब जिल्ह्याच्या मालमत्तेत दर मुलामागं सातशेला एक असं अंतर त्या वेळी होतं. जे दार १९७३ साली केंद्राच्या न्यायालयात बंद झालं, ते सोळा वर्षांनी घरच्याच न्यायालयात उघडलं.

श्रोत्यांत जे शिक्षक असतील त्यांच्यासाठी याच वर्षाचा आणखी एक निकाल सांगतो, केंटकी राज्याचा. तिथल्या सहासष्ट गरीब शाळा-जिल्ह्यांनी एकत्र येऊन दावा लावला. त्यांचे वकील बर्ट कोम्ब्स हे पूर्वी त्याच राज्याचे गव्हर्नर होते. केंटकीच्या १८९१ च्या घटनेत एवढंच आहे, की विधिमंडळानं राज्यभर सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था करावी. 'कार्यक्षम' म्हणजे काय? कोशात पाहिलं तर कमी खर्चात काम उरकणारी असाही अर्थ निघेल! मुख्य न्यायाधीश रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या घटनापरिषदेतली भाषणं उघडली. तिथं एक सभासद अशा आशयाचं बोलून गेला होता, की सार्वजनिक शाळेत डोंगरातल्या साध्या घरातला मुलगा शहरातल्या हवेलीतल्या मुलाच्या बरोबरीनं उभा राहतो. न्यायालयानं म्हटलं, हा शब्द घालणाऱ्यांच्या मनात असं चित्र होतं. आपण त्याला काटकसरीचा अर्थ कसा लावू?

मग न्यायालयानं सांगितलं, की मुलाच्या अंगी सात गोष्टी याव्यात अशी शाळा ती कार्यक्षम शाळा. बोलता-लिहिता यावं. समाजाच्या आणि पैशाच्या व्यवहाराची जाण यावी. सरकार कसं चालतं ते कळावं. स्वतःच्या शरीराची आणि मनाची काळजी घेता यावी. कलांची ओळख व्हावी. पुढच्या शिक्षणाची किंवा धंद्याची तयारी व्हावी. आणि शेजारच्या राज्यांतल्या मुलांपुढं आपलं मूल मागं पडू नये. ही यादी मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा मुलं गप्प होतात. आपल्याला काय मिळायला हवं होतं याचा ती मनातल्या मनात हिशेब करत असावीत. केंटकीत त्या निकालानंतर १९९० साली विधिमंडळानं शिक्षणाचा सगळा कायदाच नव्यानं केला आणि त्यासाठी विक्रीकर पाचावरून सहा टक्के केला.

आता कोणी म्हणेल, मग काय, घटनेत 'कार्यक्षम' हा शब्द असला की काम झालं! तसंही नाही. इलिनॉय राज्याच्या १९७० च्या घटनेत हाच शब्द आहे, वर 'उच्च दर्जाची' असंही लिहिलं आहे. पण १९९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पालकांना परत पाठवलं. शिक्षणाचा दर्जा किती हवा हे ठरवणं विधिमंडळाचं काम, न्यायाधीशांपाशी त्याचं माप नाही, असं त्यानं सांगितलं. शब्द एकच. केंटकीत त्याला धार आली, इलिनॉयमध्ये तो म्यानातच राहिला.

असं का व्हावं? यासाठी न्यायाधीश घटना वाचतात कशी, हे थोडं पाहिलं पाहिजे.

काही राज्यांची न्यायालयं केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मागोमाग चालतात. दोन्ही घटनांत साधारण सारखं कलम असलं की केंद्राच्या न्यायालयानं लावलेला अर्थ तीही लावतात. यात गोंधळ कमी होतो, पोलिसांना आणि वकिलांना एकच नियम पाठ करावा लागतो. फ्लोरिडात तर १९८२ साली लोकांनी मत देऊन घटनेतच तसं लिहून टाकलं, की झडतीच्या बाबतीत आपलं न्यायालय केंद्राच्या न्यायालयाप्रमाणंच अर्थ लावील.

दुसरी रीत अशी: आधी केंद्राची घटना पाहायची, तिच्यात पुरेसं संरक्षण मिळालं नाही तरच राज्याच्या घटनेकडं वळायचं, आणि वेगळं जायचं तर त्याची कारणं द्यायची. वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयानं १९८६ साली अशा कारणांच्या सहा कसोट्याच घालून दिल्या. कलमाचे शब्द, दोन घटनांतल्या शब्दांतला फरक, कलमाचा इतिहास, राज्यातले जुने कायदे, दोन घटनांच्या मूळ रचनेतला फरक, आणि विषय स्थानिक जिव्हाळ्याचा आहे की साऱ्या देशाचा.

तिसरी रीत ऑरेगॉन राज्याचे न्यायमूर्ती हान्स लिंडे यांनी आग्रहानं मांडली. बर्लिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९७७ पासून १९९० पर्यंत त्या न्यायालयावर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. राज्यानं आपल्याच घटनेप्रमाणं माणसाला न्याय दिला, तर केंद्राची घटना मोडण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. म्हणून आधी घरच्या घटनेचं पुस्तक उघडा, ते संपल्यावर शेजारचं. त्याच १९७७ साली केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनीही एक लेख लिहून राज्यांच्या न्यायाधीशांना आवाहन केलं, की नागरिकांच्या हक्कांसाठी आपल्या घटनांकडं वळा. ब्रेनन स्वतः पूर्वी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयावर बसलेले होते.

या रीतींमुळं रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, त्याचं एक गमतीदार पण बोलकं उदाहरण. घराबाहेर ठेवलेली कचऱ्याची बंद पिशवी पोलिसांनी न विचारता उघडून पाहावी काय? केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं, खुशाल पाहावी. टाकलेल्या कचऱ्यात खाजगी ते काय उरलं? न्यू जर्सीचं न्यायालय १९९० साली म्हणालं, आमच्याकडं असं चालणार नाही. माणूस काय खातो, कोणाची पत्रं येतात, कोणतं औषध घेतो, सगळा संसार त्या पिशवीत असतो. ती उघडायची तर न्यायाधीशाचा हुकूम आणा. दोन्ही घटनांतली झडतीची कलमं जवळजवळ सारखी आहेत. पण एकाच देशात, नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात गेलं की कचऱ्याच्या पिशवीचा कायदा बदलू शकतो!

आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. राज्यांच्या घटना सहज बदलता येतात. केंद्राच्या घटनेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत सत्तावीसच दुरुस्त्या झाल्या. राज्यांत मात्र विधिमंडळाच्या ठरावावर, काही ठिकाणी तर लोकांनी सह्या गोळा करून मांडलेल्या सूचनेवर, मतदान होतं आणि घटना बदलते. शिवाय बहुसंख्य राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही कोणत्या ना कोणत्या प्रकारे मतदारांपुढं जावं लागतं. आयोवा राज्याच्या न्यायालयानं २००९ साली समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क एकमतानं दिला. पुढच्याच वर्षी मतदानाला उभ्या असलेल्या तिघा न्यायाधीशांना मतदारांनी घरी पाठवलं. निकाल मात्र कायम राहिला. म्हणजे तिथल्या न्यायाधीशाला एक डोळा घटनेवर ठेवून अर्थ लावावा लागतो, आणि दुसरा डोळा मतपेटीकडं वळू नये म्हणून मन घट्ट करावं लागतं.

आणि निकाल लागला म्हणजे शाळेचं छप्पर बदललं असंही नव्हे, श्रोतेहो. न्यू जर्सीत १९७३ च्या निकालानंतरही विधिमंडळानं पैशाची तजवीज केली नाही. अखेर न्यायालयानं फर्मान काढलं, की १ जुलै १९७६ पासून शाळांवर पैसा खर्च करू नये. शाळा खरोखरच बंद झाल्या. उन्हाळ्याची सुटी होती म्हणून उन्हाळी वर्गांपुरतंच निभावलं. आठवडाभरात विधिमंडळानं आयकराचा कायदा मंजूर केला. वॉशिंग्टन राज्यात न्यायालयाचा हुकूम पाळला जाईना, तेव्हा २०१५ साली न्यायालयानं खुद्द राज्यालाच दर दिवशी एक लाख डॉलर दंड ठोठावला. ते प्रकरण २०१८ साली मिटलं. टेक्सासमध्ये १९८९ नंतर विधिमंडळानं केलेल्या योजना न्यायालयानं पुन्हा पुन्हा नापास केल्या. श्रीमंत जिल्ह्यांतला पैसा गरिबांकडं वळवणारी योजना अखेर १९९५ साली पसंत पडली. २०१६ साली त्याच न्यायालयानं म्हटलं, की व्यवस्था सदोष आहे, पण घटनेला लागतं तेवढं किमान तिच्यात आहे. रॉड्रिग्ज २०१३ साली वारले. त्यांच्या मुलांना या साऱ्याचा उपयोग व्हायचा तो काळ केव्हाच निघून गेला होता.

तरीही लोक ही वाट सोडत नाहीत. २०२२ साली केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क केंद्राच्या घटनेत नाही असा निकाल दिला, आणि तो वाद राज्याराज्यांच्या न्यायालयांत गेला. मोंटाना राज्याच्या १९७२ च्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे. सोळा मुलामुलींनी त्याच्या आधारे दावा लावला, आणि २०२४ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध एक मतानं मान्य केलं, की या हक्कात स्थिर हवामानही येतं. केंद्राच्या घटनेत पर्यावरण हा शब्दच नाही.

आता आपल्याकडं वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेची ही दुहेरी रचना त्यांना पुरती ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढं ठेवताना त्यांनी तिची तुलना आवर्जून केली. तिकडं राज्याला आपली घटना करण्याची मोकळीक आहे. आपण केंद्र आणि राज्यं यांच्यासाठी एकच चौकट पसंत केली आहे, नागरिकत्व एक आणि न्यायव्यवस्थाही एकसंध, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्याचा फायदा उघड आहे. नंदुरबारच्या मुलाला आणि चेन्नईच्या मुलाला मूलभूत हक्क सारखेच. नदी ओलांडली म्हणून आपला हक्क बदलत नाही. तोटा म्हणाल तर, एखाद्या राज्यानं पुढं पाऊल टाकून सर्वांना वाट दाखवावी, ती सोय आपल्याकडं न्यायालयांपेक्षा कायद्यांतून आणि योजनांतून जास्त होते.

शिक्षणाच्या बाबतीत आपलाही प्रवास शब्द जागे करण्याचाच आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण हे आरंभी केवळ मार्गदर्शक तत्त्व होतं. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला मूलभूत हक्काचं बळ दिलं. २००२ साली शहाऐंशीव्या दुरुस्तीनं कलम २१-अ घटनेत आलं. २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्याच्या परिशिष्टात शाळा कशी असावी हे लिहिलेलं आहे. पिण्याचं पाणी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, वाचनालय, आणि, गुरुजी, आपण ऐकत असाल तर मुद्दाम सांगतो, सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. त्या शब्दाचा अर्थ शाळेगणिक बदलत नाही. गळक्या खोलीत तो अजून पोचलेला नाही, एवढंच. तो पोचवण्याची वाट शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून सुरू होते, ग्रामसभेतून, पंचायत समितीतून जाते, आणि वेळच आली तर उच्च न्यायालयापर्यंतही जाते. वाट लांब आहे हे एजवुडच्या लोकांनी आपल्याला दाखवलंच आहे. पण ती सुरू व्हायला कोणीतरी उठून विचारावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या निरक्षर बाईनं विचारलं होतं, की यात मी येते की नाही? आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलीनं नागरिकशास्त्राच्या तासाला उद्या हाच प्रश्न विचारला, तर तिला खाली बसवू नका. एवढं सांगून मी आपली रजा घेतो.